आज निरोप नाही

पैज लागली केळ्यावरून. तीही शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे शहाणी माणसं गप्प चहा पितात त्या वेळेला.

सांगलीतली स्नेहांकुर कॉलनी. कॉलनीच्या तोंडाशी चौक, चौकात चहाची गाडी, गाडीसमोर सिमेंटचा बाक आणि बाकावर तिघं. पहिले भूपाल मगदूम सर, वय एकसष्ट, पॉलिटेक्निकात चौतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले. दुसरा मुश्ताक बागवान, केळ्यांचा होलसेलवाला. एके काळी हा सरांच्याच वर्गात होता आणि दुसऱ्या वर्षाला दोनदा गचकून केळ्यांत गेला होता. तिसऱ्या हौसाक्का खोत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना कोणी बोलावत नाही, पण त्यांच्याशिवाय कॉलनीत कुठलाच निकाल लागत नाही.

विषय होता मैना.

त्या काळात एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या भिंतीवर मैना असायची. ताटलीएवढी पांढरी चकती, आणि तिचा पट्टा आपल्या मनगटाला. पट्टा नाडी, ताप, शुगर, झोप मोजायचा आणि रोज सकाळी साडेसातला मैना तब्येत सांगायची. घरच्यांचे निरोपही तीच वाचायची, कारण थेट फोन उचलायचे दिवस संपले होते. कोणाचाही आवाज कोणीही बनवायला लागलं होतं. मुलाच्या आवाजात रडून बापाला गंडवणारे भामटे गल्लोगल्ली झाले होते. म्हणून माणसं एकमेकांना निरोप ठेवायची. निरोपघरात तो खरा आहे का हे तपासून आपल्या पेटीत टाकला जायचा, आणि मगच मैना आपल्या किल्लीनं पेटी उघडून तो वाचायची.

"माझी मैना खोटं बोलत नाही," सर म्हणाले.

"खोटं कोण म्हणतंय? भिडस्त आहे हो ती," मुश्ताक म्हणाला. "माझ्या सासऱ्याला एकशेतीन ताप, आणि ही म्हणते काही तक्रार नाही."

"पट्टा सैल असेल."

"मग तसं सांगायचं की! सैल आहे, मला काय कळेना झालंय, असं म्हणायला काय जातंय तिचं? तुमचा पट्टा केळ्याच्या घडाला बांधला ना सर, तरी ती म्हणंल ठणठणीत."

"मूर्खासारखं बोलू नकोस. ती ज्या भाषेत चालते ना, त्या भाषेची पोथी मी लिहिलीय."

"मग लागली पैज?"

"लागली!"

"पैसे लावू नका रे," हौसाक्का म्हणाल्या. "पैशात गंमत नाही."

मुश्ताकनं डोकं खाजवलं आणि त्याचे डोळे चमकले. "हरेल त्यानं घड खांद्यावर घ्यायचा, ह्याच चौकात भर गर्दीत उभं राहायचं, आणि तीनदा ओरडायचं, मी चुकलो."

हौसाक्कांना हसता हसता ठसका लागला. "भूपाल मरंल, पण तेवढं म्हणायचा नाही."

खरंच होतं ते. सर जैन, दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावणीला घरोघर जाऊन हात जोडायचे, "कळत नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा" म्हणायचे. पण ती क्षमा होलसेल. अमुक दिवशी अमुक माणसाशी मी अमुक चुकीचं वागलो, असं किरकोळीतलं वाक्य त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नव्हतं. फळ्यावर गणित चुकलं तर ते खडूला दोष द्यायचे.

त्याच दिवशी सरांच्या स्वयंपाकघरात खुंटीला अठरा किलोचा घड लटकला आणि त्याच्या दांड्याला पट्टा बांधला गेला. रविवारी सकाळी तिघंही मैनेसमोर हजर. साडेसात झाले.

"सुप्रभात, भूपाल सर," मैना गोड आवाजात म्हणाली. "नाडीची तक्रार नाही. झोपेची तक्रार नाही. साखरेची तक्रार नाही. आज निरोप नाही. दिवस छान जावो."

"साखरेची तक्रार नाही!" मुश्ताक जमिनीवर बसला आणि मांडीवर हात आपटायला लागला. "पिकलेल्या केळ्याला म्हणतीय शुगर नाही! सर, माझ्या अख्ख्या गोडाऊनला पट्टे बांधतो, सगळी केळी डॉक्टरकडनं पास!"

"काहीतरी टेक्निकल असणार," सर म्हणाले. "मला बघू दे आधी."

"बघा की. पण घड माझा हाय आणि चौक कुठं पळून जात नाही."

दोघं गेले. घर पुन्हा होतं तसं झालं. सरांचं घर शांत असायचं म्हणणं कमी पडेल. ते मैनेशी बातम्यांवरून भांडायचे. जेवताना तिला "आज काय काय झालं?" असं विचारायला त्यांनीच शिकवलं होतं. ती विचारायची आणि सर ठोकून द्यायचे, "आज जुने विद्यार्थी येऊन गेले, चार तास बसले, सोडेचनात." मैना म्हणायची, "वा, छान." मुळात ती बनवलेली होतीच तशी. पण तिच्यासमोर खोटं बोलून झालं की सरांना जरा बरं वाटायचं आणि मग ताट धुताना जास्तच वाईट वाटायचं.

त्या रविवारी ते जेवले नाहीत. पोथी उघडून बसले.

आता ह्या पोथीचं जरा सांगावं लागेल. पाटी नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा होती. ती पॉलिटेक्निकातच जन्मली, मराठी मुलांना सोपं जावं म्हणून. तिच्यात शिदोरी नावाची लायब्ररी होती, म्हणजे चारशे बारा तयार कामांचं गाठोडं. यादी लाव, आकडा वाच, निरोप आण. प्रत्येक वेळी नव्यानं रांधायला नको, शिदोरीतनं काढायचं आणि वापरायचं. कुठलं काम काय करतं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं आणि ते फसलं तर काय होतं, हे सगळं सांगणारं डॉक्युमेंटेशन म्हणजे पोथी. सर आणि त्यांची मुलगी चंदना, दोघांनी मिळून ती लिहायला घेतली होती.

सगळी मेख होती ती "फसलं तर" मध्ये. समजा, तुम्ही कोणाला कोथिंबीर आणायला पाठवलं आणि तो रिकाम्या हातानं आला. म्हणजे बाजारात कोथिंबीर नव्हती? की दुकान बंद होतं? की हा वाटेतच सायकलवरनं पडला? रिकामा हात काहीच सांगत नाही. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस पडला तर तिथनंच बोंब ठोकतो, "पडलो रे, कोणीतरी या!" तयार कामंही ह्या दोनच तऱ्हांची असतात. अडचण आली की काही गुपचूप रिकामं परत देतात, आणि काही बोंब ठोकतात.

पूर्वी पोथीत काही का लिहिलेलं असेना, कोणाचं बिघडत नव्हतं, कारण पोथी कोणी वाचतच नव्हतं. पोरं करून बघायची, आपटायची, शिकायची. पण आता प्रोग्रॅम लिहायला माणूस नव्हता, लेखनिक होता. म्हणजे सगळी पोथी पाठ असलेलं यंत्र. ते क्षणात हजार पानांचा प्रोग्रॅम लिहायचं, आणि पोथीत जे छापलंय ते डोळे झाकून खरं मानायचं. जगात पहिल्यांदाच कोणीतरी डॉक्युमेंटेशन नीट वाचायला लागलं होतं, आणि तिथंच घात झाला होता.

सरांनी "नाडी वाच"चं पान काढलं. चंदनाचं पान. तिचं लिहिणं तिच्यासारखंच, तोडून टाकणारं. "नाडी सापडली नाही तर हे काम बोंब ठोकतं. ही बोंब दाबू नये."

मग सरांनी पोथीचं पहिलं पान काढलं. तिथं तक्ता होता.

तक्ता हे सरांचं व्यसन. चौतीस वर्षं प्रत्येक धड्याचा एका पानावर मावणारा तक्ता केल्याशिवाय त्यांना चैन पडलं नव्हतं. पोथी अर्धवट राहिली तेव्हा तिला निदान तोंड तरी असावं म्हणून त्यांनी एकट्यानं बसून चारशे बारा कामांचा तक्ता केला. शेवटचा रकाना, फसलं तर. तिथं त्यांनी वरपासून खालपर्यंत एकच ओळ ओढली, "रिकामं परत." त्यांची स्वतःची पानं तशीच होती, आणि चंदनाची वेगळी पानं पुन्हा उघडायची त्यांच्यात तेव्हा हिंमत नव्हती. शिवाय तक्ता सरळ दिसत होता.

मैनेचा प्रोग्रॅम लिहिताना लेखनिकाला तक्ता एक सांगत होता, पान दुसरं. मग त्यानं सरकारी कारकुनासारखी दोन्हीकडची मर्जी राखली. बोंब ऐकू आली तर तोंडावर हात ठेव आणि हात रिकामा आला असं समज. पट्ट्याला केळ्यात नाडी सापडली नाही, तो ओरडला, मैनेनं त्याचं तोंड दाबलं, रिकामं म्हणजे सांगण्यासारखं काही नाही असं धरलं, आणि गोड आवाजात म्हणाली, तक्रार नाही.

म्हणजे पैज हरली होती. पण सर तेव्हा पैजेचा विचार करत नव्हते. ते पोथी अर्धवट का राहिली त्याचा विचार करत होते. तो विचार ते सहसा करत नसत.

चंदना गुवाहाटीला नोकरीला लागली, नदीच्या पुराचा इशारा देणाऱ्या ऑफिसात. पोथीची पानं दोघं लांबूनच लिहायचे, एक तिचं, एक सरांचं. त्याच हिवाळ्यात तिची आई, विमलताई, आजारी पडल्या, आणि सरांनी चंदनाला ते कळवलं नाही. नवी नोकरी, उगाच जीवाला घोर कशाला. दर रविवारी ती विचारायची, आई कशी आहे, आणि दर रविवारी हे सांगायचे, ठीक आहे. ती आली तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर बॅग उचलताना ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही वर्षातनं एकदा सगळ्या जगाची क्षमा मागता. एका माणसाची कधी मागितलीय का?" सर म्हणाले, "रिक्षा सावकाश चालवायला सांग." ती गेली. त्यानंतर दोन वर्षं झाली. एक निरोप नाही.

सोमवारी सकाळी सर चहा गाळत होते. साडेसात झाले.

"सुप्रभात, भूपाल सर. काही तक्रार नाही. आज निरोप नाही."

गाळणी सरांच्या हातातच राहिली.

चहा ओट्यावरून खाली ठिबकायला लागला. सर तसेच पोथीकडे गेले. "निरोप आण" हे काम, पान तीनशे आठ, लिहिणार चंदना. "पेटी उघडली आणि ती खरोखर रिकामी असली, तरच रिकामं परत. किल्ली चालली नाही, रस्ता बंद असला, तर बोंब." आणि तक्त्यात, त्यांच्या स्वतःच्या हातची ती सरळ, सुबक ओळ.

तुम्हाला वाटेल, माणूस लगेच धावला असेल निरोपघराकडे. नाही धावला. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. मुलगी लिहीत नाही, ह्या दुःखाची त्यांना सवय झाली होती. त्यावर राग धरता यायचा, आणि राग म्हणजेसुद्धा घरात एक माणूस असतंच. पण पेटी उघडली आणि ती खरंच रिकामी निघाली तर? मग रागही जाणार आणि ही दोन दिवसांची नवी आशाही. तेवढं सगळं एकदम गेल्यावर घरात कोण राहणार होतं?

बुधवारी दुपारी ते गेले. खिडकीत चष्मा लावलेली एक मुलगी होती.

"काका, तुमच्या किल्लीची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपलीय. तुमच्या मैनेला रोज कळवतोय आम्ही."

"रोज?"

"रोज. ती काही बोलली नाही तुम्हाला?"

"तिला तसंच शिकवलंय," सर म्हणाले. "पेटीत आहे का काही?"

मुलीनं बघितलं. "बावीस."

सर पंख्याखालच्या बाकावर बसले. कागदावर छापून मागितले होते त्यांनी. मैनेच्या आवाजात नको होते.

पहिला असा होता. "अण्णा, मी बोलणार नव्हते. पण आज नदीत डॉल्फिन दिसला, आणि सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. ह्याचा मला रागच आलाय."

चौथा. "खपलीच्या खिरीत आई गूळ गव्हं शिजल्यावर घालायची की आधी? मी आधी घातला. गव्हं दगड झाली."

नववा. "आज पाणी मोजणाऱ्या एका खांबाचा संपर्क तुटला आणि स्क्रीनवर शून्य आलं. नवीन बाई म्हणाली, बरं झालं, पाणी उतरलं. मी तिच्यावर किती ओरडले! शून्य आणि माहीत नाही, ह्या दोन्हींच्या मधे गावं वाहून जातात अण्णा. मग तुमची आठवण आली आणि आणखी ओरडले."

पंधरावा. "वाचताय ना? नुसतं 'वाचलं' एवढं लिहा. शिव्या दिल्या तरी चालतील."

बाविसावा पाच महिन्यांपूर्वीचा होता. "आईच्या वेळीही तुम्ही असेच गप्प बसलात. मला वाटलं होतं ती तेवढ्यापुरती गोष्ट होती. आता थांबते. तुमच्या पत्त्यावरनं येणारे निरोप मी बंद केलेत, म्हणजे रोज सकाळी पेटी बघायला नको."

त्यानंतर काही नव्हतं. ते मात्र खरंखुरं रिकामं होतं.

सरांनी तिथंच किल्ली नवी करून घेतली, निरोप लिहिला आणि पाठवला. उत्तर क्षणात आलं. हा पत्ता आपल्यासाठी बंद आहे.

मग त्यांनी दोन वर्षांत न केलेली गोष्ट केली. थेट फोन लावला. चार वेळा वाजून गेला. पाचव्यांदा तिनं उचलला. मागे ऑफिसची गडबड, कोणीतरी आकडे वाचून दाखवतंय.

"कोण?"

"चंदना, मी अण्णा. ऐक, फोन ठेवू नकोस. माझं चुकलं गं."

मग ती हसली. ते हसणं सरांना झेपण्यासारखं नव्हतं.

"आवाज झकास बनवलाय हं," ती म्हणाली. "पण अभ्यास कमी पडला तुमचा. माझे वडील हे वाक्य बोलत नाहीत."

फोन बंद.

सर फोनकडे बघत राहिले. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. त्यांना स्वतःला तरी तो आवाज ओळखीचा कुठं वाटला होता?

त्या संध्याकाळी त्यांनी पोथीतला तक्ता काढून टाकला. जगात जिथं जिथं पाटी चालते तिथं वाचली जाईल अशी जाहीर सूचना टाकावी लागते, ती टाकली. दुसऱ्या दिवशी मुश्ताकनं ती फोनवर उघडली आणि बाकावर बसून मोठ्यानं वाचली.

"'तक्त्यात विसंगती आढळली आहे.' आढळली? म्हणजे काय सर, रस्त्यात पडली होती काय? कुणी टाकली तिथं?"

सर चहाचे पैसे द्यायला उठले.

पण सूचनेनं काम केलं. मैना बनवणाऱ्यांनी तीन दिवसांत सगळीकडच्या मैना दुरुस्त केल्या. रविवारी सकाळी साडेसातला गावागावांतल्या भिंती पहिल्यांदाच वेगळं काहीतरी बोलल्या. "पट्टा सैल आहे, नाडी कळत नाही." "किल्ली चालत नाही, निरोप आणता आला नाही." चौकात नुसता कालवा. मुश्ताकच्या सासऱ्याला मैना चक्क म्हणाली, "मला तुमचं काहीच कळत नाही." सासरा खूश. म्हणाला, पहिल्यांदा खरं बोलली.

हौसाक्का बाकावर गप्प बसल्या होत्या.

"आक्का, तुमची काय म्हणाली?" मुश्ताकनं विचारलं.

"माझी?" त्यांनी पदर सारखा केला. "म्हणाली, किल्ली चालली, पेटी उघडली, पेटी रिकामी आहे." मग म्हणाल्या, "असू दे. निदान कळलं. इतके दिवस माझा पोरगा प्रकाश लिहीत असंल आणि हिच्याच पोटात अडकत असंल, असं म्हणून मी मैनेला शिव्या देत होते."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि उठून उभे राहिले.

"मुश्ताक, घड कुठाय?"

"कुठला घड?"

"पैजेचा. आज फेडतो. संध्याकाळी साडेपाचला, चौक भरलेला असतो तेव्हा. आणि तू चंदनाला फोन लाव, व्हिडिओचा, तुझ्या फोनवरनं."

मुश्ताकचं हसू निम्म्यात थांबलं. सरांनी त्याला गुवाहाटीच्या फोनचं सांगितलं. सगळं. ती हसली ते पण.

"पण सर, चेहरापण बनवतात लोक. माझा बनवला असंल म्हणेल."

"एक चेहरा बनवता येतो. दहा पण येतील," सर म्हणाले. "पण अख्खा चौक, हॉर्नसकट, आणि ती विचारेल त्याला जागच्या जागी उत्तर देणारा? तेवढं यंत्र अजून निघालेलं नाही. मी शिकवलेला विषय आहे तो."

साडेपाचला चौक भरला होता. बातमी मुश्ताकनंच पसरवली होती, तो काय सोडतोय! भाजीवाल्या, रिक्षावाले, शिकवणीला निघालेली मुलं, गॅलऱ्यांतनं बाया. जुना घड पिकून संपला होता म्हणून त्यानं नवा आणला, हिरवा, वीस किलोचा. दोघांनी धरून तो सरांच्या खांद्यावर चढवला. सर एका बाजूला कलले.

मुश्ताकनं फोन लावला. तिनं उचलला.

"मुश्ताकमामा? काय झालं? सगळं बरं आहे ना?"

"बरं हाय गं पोरी. तुझे अण्णा पैज हरलेत, फेडायलेत. बघ."

स्क्रीनवरचा चेहरा कडक झाला. "मामा, तुम्ही खरे आहात का? फोन फिरवा. सगळा चौक दाखवा."

मुश्ताक गर्रकन फिरला. चहाची गाडी, रिक्षा, गॅलऱ्या. "थांबा," ती म्हणाली. "त्या हौसाक्का का? आक्का, मी लहानपणी तुमचं काय फोडलं होतं?"

"लोणच्याची बरणी," हौसाक्का फोनमध्ये तोंड घालून ओरडल्या. "आणि नाव मांजराचं घेतलं होतंस, भवाने! मी खरीच आहे. का कवळी काढून दाखवू?"

चौक हसला. चंदना हसली नाही, पण ती खुर्चीत मागे टेकली. तिच्यामागे भिंतीवर नदीचा मोठा नकाशा होता, आणि एक पंखा.

"मी चुकलो!" सर ओरडले.

शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबला. "मोठ्यानं सर, मागच्या बाकापर्यंत!" सरांचाच एक जुना विद्यार्थी ओरडला.

"मी चुकलो!"

ह्या वेळी हसणं कमी होतं. आवाजात काहीतरी फाटलं होतं, ते लोकांना कळलं असावं.

"मी चुकलो."

तिसऱ्यांदा कोणीच हसलं नाही. मुश्ताक पुढे आला. "फिटली सर. उतरवा घड."

"कशाबद्दल?" फोनमधनं आवाज आला.

सर थांबले. घड खांद्यात रुतत होता.

"तक्त्याबद्दल," ते म्हणाले. "पोथीत मी जो तक्ता..."

"तक्ता गेला खड्ड्यात, अण्णा."

चौकातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक भाजीवाली डोक्यावरची पाटी न उतरवताच उभी राहिली. सरांनी मुश्ताकला हातानं दूर केलं. घड उतरवू दिला नाही.

"तुझ्या आईबद्दल," ते म्हणाले. "डॉक्टरांनी मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. तू दर रविवारी विचारायचीस आणि मी ठीक म्हणायचो. तुला त्रास नको म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मला ते तोंडानं उच्चारायची भीती वाटायची. उच्चारलं की खरं होईल असं वाटायचं." त्यांनी श्वास घेतला. "आणि तिनं दोनदा सांगितलं होतं, चंदीला बोलवा. दोनदा. मी हो म्हणालो आणि बोलावलं नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मी चुकलो, चंदना."

हे पैजेत नव्हतं.

स्क्रीनवर चंदना तशीच होती. हलत नव्हती. डोळे मिटत नव्हते. सरांना लांबून काही कळेना, चित्र अडकलंय, लाईन गेलीय, की ऐकायच्या आधीच तिनं फोन ठेवलाय.

"मुश्ताक," त्यांनी हळूच विचारलं, "गेली का रे लाईन?"

मुश्ताकनं फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितलं.

"नाही सर," तो म्हणाला. "मागचा पंखा फिरतोय. ती हाय. थांबा जरा."

सर थांबले. वीस किलोचा घड खांद्यावर, आणि चौकातला एकही माणूस हलला नाही.